नोंदणीचा कागद, मृत्युपत्र आणि थोबाडीत: थाई मालिका बघायच्या कशा

सोलापुरात संध्याकाळचे सात वाजले की घरोघरी मराठी मालिका सुरू होतात, पूर्व भागात गेलात तर तेलुगू. बँकॉकचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. तिथे तेव्हा साडेआठ झालेले असतात आणि रात्रीचा मुख्य लाकॉर्न लागायची वेळ झालेली असते. लाकॉर्न म्हणजे थाई टीव्हीवरची मालिका. सासू, सवत, इस्टेट, बदला, सगळं आपल्या ओळखीचं. मोठा फरक म्हणजे ती संपते. सोम-मंगळ, बुध-गुरू किंवा शुक्र ते रवी असा आठवड्यातला एक ठरलेला गाळा मिळतो आणि साधारण बारा ते अठरा भागांत खेळ खलास. टीआरपी बरा आहे म्हणून नायिकेची स्मृती दुसऱ्यांदा जात नाही.

हे जमतं, कारण बहुतेक गाजलेले लाकॉर्न कादंबऱ्यांवर बेतलेले असतात. एकच कादंबरी दर दहा-पंधरा वर्षांनी नव्या नटसंचात पुन्हा येते. दुसऱ्या महायुद्धातला जपानी नौदल अधिकारी कोबोरी आणि थाई मुलगी आंग्सुमालिन यांची 'खू काम' ही गोष्ट घ्या. १९९० मध्ये चॅनल ७ वर थोंगचाय मॅकइन्टायरने कोबोरी केला. २०१३ मध्ये त्याच गोष्टीवर नवी मालिकाही आली आणि चित्रपटही. कोबोरीचं काय होतं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, तरी लोक बघतात आणि रडतात. म्हणून 'पुढे काय होणार' हा प्रश्न घेऊन बसलात तर निम्मी मजा जाईल. कोणाचं कोणाकडे काय देणं निघतं आणि ते कशाने फिटतं, यावर नजर ठेवा. आणि हे देणं बहुतेक वेळा कुठल्या तरी कागदावर असतं, नायक-नायिकेच्या डोळ्यांत नसतं.

पहिला कागद लग्नाच्या नोंदणीचा. थायलंडमध्ये बहुपत्नीत्व १९३५ च्या कायद्याने संपलं. भिक्षूंचे आशीर्वाद, हातावर शंखातून पाणी, मेजवानी, सगळं झालं तरी कायद्याच्या नजरेत लग्न होतं ते आम्फोएच्या कचेरीत नोंद झाल्यावर. आम्फोए ही तालुका पातळीवरची कचेरी, बँकॉक शहरात तिला खेत म्हणतात. नोंद झालेली ती 'मिया लुआंग', म्हणजे थोरली, कायदेशीर बायको. बाकी कोणी असली तर ती 'मिया नॉय'. आपल्याकडे सवत म्हटलं की दोघींची बरोबरी गृहीत धरली जाते, तिथे एकीच्या हातात कागद आणि दुसरीच्या हातात फक्त माणूस. निम्म्या लाकॉर्नचं इंजिन या एवढ्याशा फटीत बसवलेलं आहे. थाटामाटात लग्न होतं आणि नवरा 'नोंदणी पुढच्या आठवड्यात करू' म्हणतो, तिथेच सावध व्हा. पटकथाकाराने पाचर मारून ठेवलेली आहे, ती आठव्या-नवव्या भागात निघणार. आधीची नोंद कायम असताना केलेली दुसरी नोंद रद्दबातल ठरते, आणि हे गौप्यस्फोट म्हणून शेवटून तिसऱ्या भागात हमखास वापरलं जातं.

घटस्फोटाचंही तसंच. दोघांची संमती असेल तर लेखी करार, दोन साक्षीदार आणि त्याच कचेरीत नोंद, कोर्टाची पायरी चढायची गरज नाही. म्हणून 'उद्या सकाळी नऊला आम्फोएवर ये' हे वाक्य लाकॉर्नमध्ये धमकीसारखं ऐकू येतं. नवरा येतच नाही, किंवा बायको गॉगल लावून वकिलासकट येते. थाई संहितेचं कलम १५२३ सुद्धा माहीत असलेलं बरं. उघडपणे संबंध मिरवणाऱ्या बाईकडून कायदेशीर बायको भरपाई मागू शकते. जानेवारी २०२५ मध्ये समलिंगी विवाहाचा कायदा लागू झाला, तेव्हा अशा कलमांत पती-पत्नीच्या जागी जोडीदार हा शब्द आला. जुन्या मालिकांत मात्र 'मी तुझ्यावर दावा लावीन' हे थोरलीनेच धाकटीला सुनवायचं असतं, आणि त्यासाठी 'उघडपणे' सिद्ध करावं लागतं. हॉटेलच्या लॉबीतले फोटो, कंपनीच्या पार्टीत सगळ्यांदेखत केलेला तमाशा, हे सगळं पुरावा म्हणून येतं. नुसती हाणामारी वाटणाऱ्या प्रसंगात कोणी मोबाइल उंच धरलाय का ते बघा.

लग्नाआधीच्या देण्याघेण्याचं चक्र आपल्या उलट फिरतं. 'सिन सॉत' मुलाकडचे मुलीच्या आईबापांना देतात. रोख, सोनं, कधी जमिनीचे कागद, आणि ते पाहुण्यांसमोर मांडून मोजतात. आपल्याकडे हुंड्यावरून मुलीचा बाप वाकतो, तिथे सिन सॉत परवडत नाही म्हणून गरीब नायक वाकतो. खलनायिकेची आई रकमेवर अडून बसते तो प्रसंग हुंड्याच्या चष्म्यातून पाहिला तर उलटाच कळतो.

दुसरा कागद वाटणीचा. तिथला व्यापारी वर्ग मोठ्या प्रमाणात चिनी वंशाचा आहे, त्यामुळे इस्टेटीच्या लाकॉर्नमध्ये घर बहुधा थाई-चिनी असतं. ओळखायची खूण सोपी. आजोबांना आकोंग, आजीला आमा, बापाला तिआ, थोरल्या भावाला हिआ, थोरल्या बहिणीला चे अशा हाका ऐकू आल्या की समजायचं, इथे धंदा आहे, थोरल्या मुलाचा मान आहे आणि मुलीवर अन्याय होणार आहे. २०१८ मध्ये वन ३१ वर आलेली 'इन फॅमिली वुई ट्रस्ट' ही या प्रकारातली सर्वांत घट्ट विणलेली मालिका. दिग्दर्शक सोंगयोस सुगमकनन, भाग अठरा. हॉटेलवाल्या कुटुंबातले आजोबा जातात, मृत्युपत्र वाचलं जातं, थोरल्या नातवाला मुलासारखा हिस्सा मिळतो आणि पोटच्या मुलीला मिळत नाही. मग थोरल्या मुलाचा खून होतो. खुनी कोण हा प्रश्न अठरा भाग ताणलेला आहे, पण मालिका उभी आहे ती वाटणीच्या त्या एका बैठकीवर. तो प्रसंग दोनदा बघा. पहिल्यांदा बोलणाऱ्यांकडे, दुसऱ्यांदा गप्प बसलेल्या सुनांकडे.

अशा मालिकेला बसताना कागद-पेन घ्या. हे चेष्टेने सांगत नाही. पहिल्या दोन भागांत वंशावळ काढली नाही तर पाचव्या भागात सगळा गोंधळ होतो, आणि त्यात सबटायटलचा मोठा हात असतो. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळ्या 'आंट' आणि 'अंकल'. थाईत मात्र आईबापांच्या थोरल्या भावंडाला लुंग किंवा पा, आईच्या धाकट्या भावंडाला ना आणि बापाच्या धाकट्या भावंडाला आ. आजीसुद्धा दोन, बापाची आई या आणि आईची आई याय. ज्यांना आत्या, मावशी, काकू यांतला फरक वारसाहक्कात काय करतो हे घरबसल्या कळतं, त्यांनी सबटायटलवर न विसंबता कानांवर विसंबावं. ना असं कोणी हाक मारली की ती व्यक्ती आईकडची, म्हणजे बापाच्या इस्टेटीत तिला वाटा नाही. ती एवढी लुडबुड का करतेय हा पुढचा प्रश्न.

सासू बघायची असेल तर २०१९ चा 'क्रोंग काम', चॅनल ३ वरचा. नखोन सावन प्रांतातलं चुमसेंग हे बाजारपेठेचं गाव, साठच्या दशकातला काळ, दुकानदारीण योय नावाची करडी आई आणि तिचे चार मुलगे. थोरला मुलगा रेणूला बायको म्हणून घेऊन येतो. ती ताखलीच्या अमेरिकन हवाई तळाजवळ देहविक्रय करत होती. रेणू झालीय रानी कॅम्पेन, सासू माय चरोएनपुरा. इथे सुनेला सोशिक केलेलं नाही आणि सासूला राक्षसीण केलेलं नाही. दोघी सारख्याच हिशेबी, म्हणून त्यांचा प्रत्येक संवाद घासाघीस वाटतो. प्रेमकथा म्हणून बघायला बसलात तर कंटाळाल. बाजारपेठेतल्या घरात सत्ता कोणाच्या कमरेच्या किल्ल्यांत असते हे बघायला बसलात तर सोडवणार नाही.

आता सूड. नमुना म्हणून २०१२ चा 'रेंग न्गाओ', चॅनल ३. मुत्ता ही साधी मुलगी विवाहित साहेबाच्या नादी लागते, साहेबाची बायको तिची बेअब्रू करते आणि ती जीव देते. तिची जुळी बहीण मुनिन तिचंच रूप घेऊन त्याच ऑफिसात येते. दोन्ही बहिणी जेनी थियेन्पोसुवनने केल्या आहेत. जुळी बहीण हा प्रकार आपल्याकडे विनोदाला नाहीतर गाण्याला वापरतात, इथे तो हत्यार आहे. मेलेल्या मुलीचा चेहरा रोज सकाळी लिफ्टमधून बाहेर पडतो आणि दोषी माणसांची झोप उडते. मुनिन बराच काळ कोणाला हातही लावत नाही. ती नुसती हजर असते आणि समोरचे आपापल्या स्वभावाने खड्ड्यात जातात. चांगल्या सूडकथेची हीच कसोटी. खलनायकाचा नाश त्याच्याच हावेने किंवा मत्सराने झाला पाहिजे. शेवटी ट्रक येऊन उडवून गेला तर लेखकाचा हात आखडला असं समजा. कर्माच्या नावाखाली असले ट्रक लाकॉर्नमध्ये पुष्कळ धावतात.

सूड घेणाऱ्यालाही बिल येतंच. बौद्ध चौकटीत वैराने वैर शमत नाही, म्हणून नायिका जिंकता जिंकता काहीतरी गमावते, किंवा कोणीतरी शेवटी विहाराची वाट धरतो. आपल्याला हे मिळमिळीत वाटू शकतं, कारण आपण दुष्टाला शिक्षा आणि सुष्टाला वाडा असा शेवट मागतो.

थोबाडीत मारण्याबद्दल थोडं. खलनायिकेला 'नांग राय' म्हणतात आणि तिची नायिकेशी समोरासमोर झटापट व्हायची म्हणजे व्हायचीच. बहुतेक वेळा हात गालाला लागत नाही. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवतात म्हणजे हात आणि गाल यांतलं अंतर दिसत नाही, मार खाणारी योग्य क्षणी मान फिरवते, आवाज नंतर बसवतात. फसतं ते मान उशिरा फिरली की, किंवा आवाज अर्धा क्षण आधी वाजला की. बाजूने घेतलेल्या दृश्यात तळवा नाकासमोरून जाताना स्पष्ट दिसतो. एकदा हे कळलं की रडारड विसरून तुम्ही पंचगिरी करू लागता, आणि त्यातही एक मजा आहे.

याच वळणाचा 'तॉप चूप' म्हणजे थप्पड-चुंबन नावाचा प्रकार आहे आणि तो ताकीद देऊनच सांगायला हवा. नायक गैरसमजातून सूड घ्यायला नायिकेला पळवतो, छळतो आणि मग प्रेमात पडतो. २००८ चा 'जाम लोय राक' पाहा. भावाच्या मृत्यूला जबाबदार समजून हरित सोरयाला बेटावर डांबतो, खरी दोषी दुसरीच असते. अटिचार्ट चुमनानोन आणि टक्सॉर्न पक्सुक्चरोएन यांची जोडी यात गाजली. त्याच वर्षीचा 'सावन बियांग' तर त्याच्या पुढे जातो, नायक नायिकेवर बलात्कार करतो आणि तरी नायकच राहतो. थीरादेत वोंगपुआपान आणि ॲन थोंगप्रासोम यांचा अभिनय कितीही उत्तम असला तरी हे गिळवत नाही, आणि गिळायचं कारणही नाही. थायलंडमध्येच यावर कडक टीका झाली. २०१२ च्या आधीचा सूड-प्रेम लाकॉर्न लावण्यापूर्वी कथासार वाचा, 'नायक नायिकेचं अपहरण करतो' असं दिसलं तर पोरांसमोर लावू नका. प्रेमाची नवी तऱ्हा हवी असेल तर २०१८ ची 'मिया २०१८' बघा. यात फसवली गेलेली बायको भांडत बसण्याऐवजी निघून जाते आणि स्वतःच्या पायावर उभी राहते. तिच्या नवऱ्याला तिच्या भांडणापेक्षा हे जास्त झोंबतं.

सुरुवात मात्र सुडापासून करू नका. 'बुप्पेसन्निवात'पासून करा, इंग्रजीत 'लव्ह डेस्टिनी'. चॅनल ३, फेब्रुवारी ते एप्रिल २०१८, दर बुधवार-गुरुवारी. आजच्या काळातली पुरातत्त्वाची अभ्यासक केतसुरांग अपघातात मरते आणि सतराव्या शतकातल्या अयुथयामध्ये काराकेत नावाच्या खाष्ट सरदारकन्येच्या शरीरात जागी होते. राजा नारायचा काळ, म्हणजे १६५६ ते १६८८. आसपास खरी माणसं फिरतात. फ्रान्सला राजदूत म्हणून गेलेला कोसा पान आहे, ग्रीक दरबारी कॉन्स्टंटाइन फॉल्कन आहे आणि त्याची बायको मारिया गुयोमार, जिच्या नावावर थायलंड अंड्याच्या पिवळ्या बलकाची गोड पक्वान्नं सांगतो. १६८८ ला फॉल्कनचा शिरच्छेद होतो हे इतिहासात नमूद आहे, त्यामुळे मारियाचा प्रत्येक हसरा प्रसंग नायिकेसारखा आपल्यालाही टोचतो, कारण नायिकेलाही पुढचं माहीत आहे. मालिका चालू असताना लोक पारंपरिक पोशाख भाड्याने घेऊन १६३० मध्ये बांधलेल्या वात चायवत्थनाराम मंदिरात फोटोला गर्दी करू लागले.

कापडाच्या गावाने त्यातले पोशाख नीट बघावेत. बाया नेसतात ते 'चोंग क्राबेन' म्हणजे सुमारे तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद, न शिवलेला एकच कपडा. कमरेभोवती गुंडाळून दोन्ही टोकं पुढे जुळवायची, ती एकत्र पिळून त्यांची गुंडाळी करायची, पायांमधून मागे न्यायची आणि पाठीशी कमरपट्ट्यात खोचायची. नऊवारीचा कासोटा, फक्त निऱ्यांऐवजी पीळ. पीळ सैल पडला तर मागचा खोचा दोन पावलांत सुटतो, म्हणून पट्टा आधी घट्ट हवा. वर छातीभोवती 'सबाय', त्याचं टोक डाव्या खांद्यावरून मागे सोडलेलं. सूत, रेशीम आणि जर यांची पारख असलेल्याला दासी आणि मालकीण यांतला फरक कापड कसं पडतं त्यावरूनच कळतो, दागिन्यांकडे बघावंही लागत नाही. नायिकेची उठबस सुरुवातीला मुद्दाम ओबडधोबड ठेवली आहे, हे कापड सांभाळायची तिला सवय नसते.

शोधताना घोळ होतो तो नावांत. एकाच मालिकेची रोमन लिपीत तीन-चार स्पेलिंगं असतात, शिवाय एक इंग्रजी नाव वेगळंच. खात्रीचा उपाय म्हणजे विकिपीडियावरच्या त्या मालिकेच्या पानावरून थाई लिपीतलं नाव कॉपी करून शोधणं. सोबत वर्ष तपासा, नाहीतर जुनी आवृत्ती सुरू होईल आणि दोन भाग गेल्यावर 'अरे, हा तर दुसराच नट' असं होईल. थाई पानांवर बौद्ध सन असतं, त्यातून ५४३ वजा करा. २५५५ म्हणजे २०१२, २५६१ म्हणजे २०१८.

यूट्यूबवर चॅनलांची अधिकृत पानं आहेत आणि तिथे एक भाग बरेचदा चार तुकड्यांत येतो. शीर्षकात १/४, २/४ असं लिहिलेलं असतं. आपोआप पुढचा व्हिडिओ लागतो तेव्हा तुकडा चुकतो, म्हणून प्लेलिस्ट उघडूनच बघा. सबटायटल कोणी केलंय ते आधी पाहा. यंत्राने आपोआप केलेलं भाषांतर थाईला हमखास दगा देतं. थाईत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, वाक्यात कर्ता बरेचदा गाळतात आणि तो-ती दोघांना एकच सर्वनाम चालतं. मग 'तिने त्याला मारलं'चं 'त्याने तिला मारलं' होतं आणि खून कोणी केला हेच उलटतं. घरातल्या थोरल्यांना इंग्रजी सबटायटल वाचायला लावू नका. एकाने वाचून मराठीत सांगायचं, तेलुगू घरात तेलुगूत. हिंदी डबिंग मिळालंच तर भागांची संख्या मूळ संख्येशी ताडून बघा, कारण बऱ्याच ठिकाणी भाग कापून पुन्हा जोडलेले असतात आणि कात्री नेमकी कचेरी-वकिलांच्या प्रसंगांवर चालते.

डेटाचा अंदाज धरून बसा. एक भाग दीड-दोन तासांचा. नेटफ्लिक्सवर मध्यम दर्जा ठेवला तर तासाला ०.७ जीबीच्या आसपास जातो. पंधरा भागांची मालिका म्हणजे अठरा-वीस जीबी. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर दिवसाला एकच भाग, आणि एचडीचा हट्ट सोडायचा. वायफाय असलेल्या ठिकाणी रात्री डाउनलोड करून ठेवणं सगळ्यांत स्वस्त. उन्हाळ्यात पंखा, मोबाइल आणि चार्जर तिन्ही एकदम चालू ठेवून दुपारभर बघू नका, फोन तापला की चित्र अडकायला लागतं आणि लोक उगाच नेटला शिव्या देतात.

मध्येच पडद्यावर धूसर ठिपका दिसला तर व्हिडिओ खराब नाही. सिगारेट, दारू आणि कपाळावर रोखलेलं पिस्तूल तिथे टीव्हीवर झाकतात. थोबाडीत मात्र झाकत नाहीत. कोपऱ्यात वयाचं चिन्ह असतं, त्यातलं १३+ आणि १८+ हे आकडे आपल्यालाही वाचता येतात. १८+ दिसलं की ते गंभीरपणे घ्या. शेवटचा भाग नेहमीपेक्षा लांब असू शकतो आणि अनधिकृत पानांवर नेमका त्याचाच अखेरचा तुकडा गायब असतो. म्हणून पहिला भाग लावण्याआधी शेवटचा भाग पूर्ण चढवलेला आहे का, हे बघून घ्या.